नऊ मिनिटांचं भांडण

आमच्या घरातलं एक भांडण दोन म्हाताऱ्यांनी मरेपर्यंत पुरवलं. मुंबईचं घड्याळ रेल्वेच्या घड्याळाच्या किती मागे असायचं, हा वादाचा मुद्दा. आजोबा म्हणायचे, अर्धा तास. त्यांचे चुलतभाऊ, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा, ते म्हणायचे, एकोणचाळीस मिनिटं. गणपतीत भावकी कर्जतजवळच्या जुन्या घरी जमायची, पंगती उठायच्या, पानाचं तबक ओटीवर यायचं आणि दोघांपैकी कुणीतरी विषय काढायचाच. आजोबांचा आधार एकच होता, "आबांनी सांगितलंय." आबा म्हणजे त्यांचे वडील, माझे पणजोबा, जीआयपी रेल्वेत घाटावरच्या मालगाड्यांचे गार्ड. तात्यांना कुणाच्या शब्दाची गरज नव्हती. ऐन तारुण्यात ते परळच्या एका गिरणीत होते. "भोंगा मुंबई टायमावर व्हायचा आणि गाडी स्टँडर्डवर सुटायची. एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब चुकला की खाडा पडायचा. मला शिकवू नकोस, अण्णा."

आजोबा एरवी कुणाचंही ऐकून घेणारे, पण वडिलांच्या गोष्टींत त्यांनी कधी कानामात्रेचा फरक होऊ दिला नाही. पोरांना गंमत वाटावी म्हणून प्रसंग वाढवणं नाही की रटाळ वाटला म्हणून गाळणं नाही. आज त्या गोष्टींवर मी विसंबतो तो त्यांच्या या सवयीमुळे.

आबांच्या गोष्टी घाटापासून सुरू व्हायच्या, आणि घाट त्यांच्या आजीपासून. ती बोरघाटाच्या कामावर माती वाहायला होती. १८५६ साली ते काम सुरू झालं आणि १८६३ साली गाडी खंडाळ्याला चढली. पंधरा मैलांत अठराशे फुटांहून जास्त चढ, पंचवीस बोगदे, आणि सर्वांत अवघड जागी दर सदतीस फुटांमागे एक फूट चढण. काम भरात असताना बेचाळीस हजारांवर माणसं डोंगराला लागली होती. सुरुंगाचा बार उडाला की दगड कुठवर येईल याचा अंदाज बायका आवाजावरून घ्यायच्या, आणि पटकीची साथ आली की पालं तशीच टाकून लोक रातोरात गावाकडे पळायचे, असं ती सांगायची. शेवटच्या काही वर्षांच्या कामाला ती "मडमेचं काम" म्हणायची. आम्हा मुलांना ही थाप वाटे. घाट फोडायला कुठली आलीय मडम? पण कागदोपत्री ती सापडते. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदारानं १८५९ साली काम घेतलं आणि इथं येऊन थोड्याच दिवसांत तो तापानं गेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. हाताखाली जाणकार इंजिनिअर नेमून तिनं ते तडीला नेलं. टोपली डोक्यावर घेतलेल्या एका बाईला मालक कोण हे नेमकं ठाऊक होतं, आणि ते तिनं तीन पिढ्यांपार पोचवलं.

आबा विसाव्या शतकाच्या तोंडावर ब्रेक्समन म्हणून लागले आणि पुढे गार्ड झाले. मेलगाड्यांवर गोरे किंवा अँग्लो-इंडियन गार्ड असायचे, मालगाडी आपल्या माणसांच्या वाट्याला. कर्जतला मागून बँकर इंजिन लागायचं, मग पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशी नावं ते जपमाळेच्या लयीत घ्यायचे. खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग होतं. कड्याच्या टोकाशी रूळ संपायचा. गाडी तिथं आत जायची, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागायचं आणि आलेल्या दिशेला पाठ करून पुढची चढण चढायचं. १९२९ साली मार्ग बदलला आणि हा उलटफेर गेला, तोवर आबांची बहुतेक नोकरी त्यातच झाली होती.

चढण्यापेक्षा उतरण्याची भीती मोठी. घाटात ठरावीक ठिकाणी एक जादा रूळ फुटून डोंगराच्या अंगावर चढत जायचा आणि तिथंच संपायचा. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. सांधा कायम त्या चढाकडे लावलेला. उतरणाऱ्या गाडीनं आधी पूर्ण थांबायचं, ड्रायव्हरनं शिट्टी द्यायची, आणि गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली तरच सांधेवाला तिला मुख्य मार्गावर सोडणार. ब्रेक सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन दमून थांबे. एका आषाढात आबांची गाडी अशी चढावर गेली. ओले रूळ, हातब्रेक फिरवून फिरवून तळहात सोललेले, पुढचं इंजिन धुक्यात दिसत नाही आणि नेहमीची वळणाची बाजू चुकवून गाडी एकाएकी वर वर निघालेली. माणूस दगावला नाही, माल सांडला. चौकशीत साहेबानं पावसाचं विचारलं नाही, ब्रेकचं विचारलं नाही. "नागनाथ सोडलं किती वाजता?" एवढंच विचारलं. आबांनी गार्डाचं जर्नल पुढे केलं. प्रत्येक ठिकाणची येण्याची आणि सुटण्याची वेळ त्यात मिनिटावर लिहिलेली होती. गाडी वेगानं हाणली नव्हती हे त्या मिनिटांनी सिद्ध केलं आणि नोकरी वाचली.

म्हणून गार्डाचं झेंडी, शिट्टी, हातबत्ती आणि घड्याळ यांशिवाय पान हलत नसे. रोज दुपारी चारला मद्रासच्या वेधशाळेची वेळ तारेनं यायची. त्या घटकेला तारबाबू बाकीचं काम बाजूला ठेवी, मास्तर भिंतीवरचं घड्याळ नीट करी आणि ड्यूटीवर निघालेले गार्ड आपापली घड्याळं त्याच्याशी मिळवून घेत. आबा निवृत्त झाल्यावरही चार वाजता त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे जायचा, असं आजोबा सांगत. ते घड्याळ मात्र आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. "होतं, आणि गेलं," एवढीच त्याची नोंद घरात उरली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते सापडलं. माझा चुलतभाऊ पाणीपुरवठ्याच्या कामांत आहे. रस्त्यांवर डांबराचे थर चढत जातात आणि व्हॉल्व्हची लोखंडी झाकणं खाली गाडली जातात. ती शोधायला त्याच्याकडे मेटल डिटेक्टर असतो. एका दांड्याला ताटाएवढी वेटोळी तार बसवलेली, तिच्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, खाली धातू असला की त्यात वीज फिरते आणि तिची चाहूल यंत्राला लागून ते वाजतं. लोखंड आणि पितळ यांचा आवाज वेगळा येतो. वाडीला पाणी नेणारा जुना लोखंडी नळ कुठून गेला ते कुणाला आठवेना म्हणून त्यानं ते यंत्र आणलं होतं. पडक्या गोठ्याच्या जोत्याशी ते वाजलं, पण नळाच्या आवाजात नाही. कोपरभर खणल्यावर गंजाचे पापुद्रे निघाले, मग त्या पापुद्र्यांना एका डबीचा आकार आहे हे दिसलं, आणि आत कापडाच्या काळ्या लगद्यात गच्च बसलेलं गोल जड काहीतरी.

परदेशांत छंद म्हणून शेतं पालथी घालणारे लोक आहेत. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत मिळालं तरी ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. काकांनी अर्ज लिहून दिला, आणि माझ्या मते ते योग्यच केलं. नुसत्या हौसेनं खणणाऱ्याच्या हाती वस्तू लागते, पण ती कुठल्या थरात, कशाशेजारी, कशात गुंडाळलेली होती हे कुदळीबरोबर निघून जातं. आम्हीही पहिल्यांदा त्या डबीचे आणि खड्ड्याचे फोटो काढले, मगच हात लावला.

कल्याणच्या एका वयस्क घड्याळजींकडे मी ते घेऊन गेलो. त्यांनी ते लगेच उघडलं नाही. दोन दिवस तेलात ठेवलं, मग दाढीच्या पात्यानं कडेची माती सोडवली. पाठीवर कोरलेलं आगगाडीचं इंजिन हळूहळू वर आलं. धुराडं, चाकं, खाली दोन रेषा रुळांच्या. निकेलचं आवरण काळवंडलं होतं, पण खाल्लं गेलं नव्हतं. तबकडी चिनी मातीसारखी पांढरी, कारण ती तांब्याच्या पत्र्यावर भाजलेल्या मिन्याची असते आणि तिला मातीचं काही होत नाही. काटे पोलादी, ते गेले होते. त्यांच्या जागी दोन तांबूस सावल्या तबकडीवर उरल्या होत्या. मागचं झाकण निघालं तसे ते म्हणाले, "रॉस्कॉफ." चावीची स्प्रिंग ज्या डब्यात असते तो डबा यंत्राच्या निम्म्याहून मोठा, मधलं एक चाकच गाळलेलं, रत्नांऐवजी साध्या पोलादी टाचण्या. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ या कारागिरानं १८६७ साली वीस फ्रँकमध्ये कामगाराला परवडेल असं घड्याळ काढलं, त्याची ही जात. पुढे अनेक कारखान्यांनी तशी घड्याळं केली आणि पाठीवर इंजिन कोरून ती रेल्वेच्या माणसांत खपवली. मुंबईत फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड यांसारख्या स्विस पेढ्यांची चांगली घड्याळं मिळायची, पण मालगाडीच्या गार्डाची झेप तिथवर नव्हती. झाकणाच्या आत सुईनं कोरलेली बारीक अक्षरं होती. दुरुस्ती केली की घड्याळजी अशी खूण करून ठेवतात. त्यांतली एक वाचता आली, ११-२३. त्यांच्या मते १९२३ चा नोव्हेंबर.

मग त्यांनी तबकडी कापसानं पुसली. सातच्या आणि आठच्या अंकांमध्ये, आठला चिकटून, तांबडा ठिपका होता. मला तो गंज वाटला. त्यांनी भिंगाखाली धरला, नखानं खरवडला आणि म्हणाले, "रंग आहे. काच उघडून कुणीतरी मुद्दाम लावलाय." मिनिटांच्या बारीक रेघा मोजल्या. एकोणचाळीसावी.

एवढी वर्षं मी दोन आकड्यांपैकी एकाची निवड करू पाहत होतो. त्या दिवशी परतीच्या गाडीत आकडे मांडले. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटं आणि काही सेकंद. मद्रासची पाच तास एकवीस मिनिटं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभरच्या रेल्वेनं मद्रासची वेळ धरली होती, म्हणजे तेव्हा फरक तीस मिनिटांचा. मग १ जानेवारी १९०६ पासून सगळ्या देशासाठी साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. रेल्वेची घड्याळं जवळजवळ नऊ मिनिटं पुढे सरकली. मुंबई जागची हलली नाही. तीस अधिक नऊ, एकोणचाळीस. आबांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांबद्दल जे मुलाला सांगितलं ते आजोबांनी जपलं, आणि तात्या स्वतः गिरणीत उभे राहून जे जगले ते त्यांनी जपलं. दोघेही काटेकोर होते, म्हणूनच त्यांचं जमलं नाही. एकानं जरी "असेल बुवा तीस-चाळीस" म्हणून सोडून दिलं असतं, तर आज माझ्या हाती काहीच आलं नसतं.

मुंबईनं आपली वेळ का सोडली नाही, हे तात्या फार तळमळीनं सांगत. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसननं शहरावर मद्रासची वेळ लादून पाहिली, ओरड झाली आणि हुकूम मागे गेला. राजाबाई टॉवरच्या घड्याळानं कोणती वेळ दाखवायची यावर विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मतं पडली आणि मुंबईची वेळ जिंकली. प्रमाणवेळ आली तेव्हा, जानेवारी १९०६ मध्ये, जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी काम बंद पाडलं. त्यांना अक्षांश-रेखांशांशी देणंघेणं नव्हतं. उजेडाबरोबर सुरू होणाऱ्या गिरणीचं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे गेलं, तर चाळीतल्या माणसाला तेवढंच आधी, काळोखात उठून नळावर उभं राहावं लागणार. शहाण्यासुरत्या मंडळींनी वृत्तपत्रांत जे लिहिलं ते लिहिलं, पण या भांडणातला खरा भार मजुरांच्या झोपेवर पडत होता, आणि हे मला पुस्तकांआधी तात्यांनी सांगितलं. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं मुंबई टाइम रेंगाळला. आमच्या घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांवर मुहूर्तापुढे "स्टँ. टा." छापलेलं आहे. तेवढी दोन अक्षरं गाळली असती तर निम्मे पाहुणे अक्षता पडून गेल्यावर मांडवात आले असते.

आबांना ठिपक्याचा काय उपयोग होता हे कळायला सोपं आहे. ड्यूटी रेल्वेच्या वेळेवर, पण सुट्टीला मुंबईत भावाकडे जायचं, पेढीवर जायचं, ते मुंबईच्या वेळेवर. मिनिटकाटा तांबड्या ठिपक्यावर आला की मुंबईत टोला पडला. दोन घड्याळं बाळगायची ऐपत नसलेल्या माणसानं एकातच दोन बसवली.

आता ते जमिनीत का गेलं? काकांनी सांगितलेली हकीकत अशी की, बेचाळीसच्या चळवळीत झडत्या होत होत्या आणि रेल्वेची वस्तू घरात सापडू नये म्हणून आबांनी ते पुरलं. काळ खरा आहे. माथेरानचे वकील विठ्ठल कोतवाल, ज्यांना सगळे भाई कोतवाल म्हणतात, त्यांच्या आझाद दस्त्यानं त्या पावसाळ्यानंतर आमच्या भागातले मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. त्या विजेवर गिरण्या चालायच्या. गावोगाव पोलीस येऊन बसले. पण घड्याळ कंपनीचं नव्हतंच, आबांनी स्वतःच्या पैशानं घेतलेलं होतं. मग भीती कसली?

हे विचारायला एकच माणूस उरलंय, माझी थोरली आत्या. नव्वदी ओलांडली आहे, कान गेलेत, स्मरण शाबूत आहे. तिच्या हातात घड्याळ दिलं तर तिनं आधी मागचं इंजिन अंगठ्यानं चाचपलं. आठ वर्षांची होती ती तेव्हा. कंदील तिनंच धरला होता.

"रेल्वेची वस्तू-बिस्तू काही नाही. सोन्यासाठी खणलं होतं. आईची पुतळ्यांची माळ, दोन पाटल्या. शेजारच्या गावात पोलिसांनी कणग्या ओतून बघितल्या होत्या, तांदूळ अंगणभर. जाताना घरातलं होतं नव्हतं ते गेलं. मग आबा म्हणाले, ठेवू खाली."

"आणि घड्याळ?"

"ते दुसऱ्या डबीत. बंद पडलेलं होतं. त्याच वर्षी सरकारनं वेळ एक तास पुढे ढकलली होती बघ."

तेही खरं आहे. लढाईमुळे सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे होती, म्हणजे मुंबई टाइम धरणाऱ्याला आता दीड तासाहून जास्त फरक. दुरुस्तीला द्यावं म्हटलं तर घड्याळजी म्हणाला, सुटे भाग येत नाहीत, बोटी बंद आहेत. आत्याला हे सगळं आबांच्या तोंडचं आठवतं. जानेवारीच्या दोन तारखेला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले, ती बातमी आली तेव्हा घरात चूल पेटली नाही, हेही तिला आठवतं. पुढच्या वर्षी तांदूळ मिळेना, तेव्हा माळ आणि पाटल्या उकरून काढल्या आणि विकल्या. डबी काढायला आजोबा परत कुदळ घेऊन निघाले तर आबा म्हणाले, राहू दे, चालत नाही ते, विकलं जायचं नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात आबा गेले, पुढे गोठ्याची भिंत खचली आणि जागा कुणाच्या लक्षात राहिली नाही.

म्हणजे काकांची हकीकत निम्मी बरोबर निघाली, साल बरोबर आणि कारण दुसरं. काका यावर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की आत्या तेव्हा लहान होती. आत्या म्हणाली, मी लहान होते, पण तू जन्मला नव्हतास. दोघांचं सांगणं मी शेजारी शेजारी लिहून ठेवलंय, एकाला खोडून दुसरं नाही.

चुलतभावाच्या मनात अजून एक आहे. गार्डाचं घड्याळ साखळीशिवाय नसतं, आणि चांदीची साखळी त्या यंत्राला सहज कळेल. पाऊस सुरू व्हायच्या आत गोठ्याची सगळी जागा पट्ट्यापट्ट्यांनी पाहून घेऊ, असं तो म्हणत होता. आत्याच्या कानाशी जाऊन मी ते मोठ्यानं सांगितलं.

"साखळी कशाला शोधता?" ती म्हणाली. "तुझा बाप झाला ना चव्वेचाळीसला, त्याचे वाळे केले तिचे."